जुन्या टाटा मोबाईलचे केबिन बुश बदलताना: नुसतं रबर टाकून भागत नाही

आमच्या आण्णांची टाटा मोबाईल 206 म्हणजे 1988 साली टेल्कोनं (आताची टाटा मोटर्स) बाजारात आणलेली तीच पिकअप, आणि ऑगस्ट 2019 च्या महापुरात, जेव्हा सांगलीत कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा ती चार दिवस पाण्यातच उभी होती. पूर ओसरल्यावर इंजिन उघडलं, सीटा बदलल्या, वायरिंग केलं, पण केबिनखालच्या ब्रॅकेटात बसलेला गाळ कुणी काढलाच नाही. दर पावसाळ्यात तो गाळ भिजायचा आणि पत्रा खायचा. शेवटी स्पीडब्रेकरवर धाडकन आवाज यायला लागला आणि दार बंद करायला दोन धक्के लागायला लागले.

बुश म्हणजे केबिन आणि चेसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांच्यामध्ये बोल्टभोवती बसवलेली रबरं. दार उतरलं म्हणजे बुशच गेलेत असं नसतं बरं का. आधी दार उघडून खालून हातानं वर उचलून बघा, बिजागरीतच खेळ असला तर तिथली पिन बदला, बुशला हात लावायची गरजच नाही. बिजागरी घट्ट असेल तर एकानं केबिन हलवायची आणि दुसऱ्यानं खाली बसून एकेका बोल्टकडं बघायचं, कुठं केबिन हलतेय आणि चेसी नाही ते लगेच दिसतं. मग जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन ब्रॅकेट आणि त्याच्या वरचा फ्लोअरचा पत्रा टोचून बघा. आत घुसला तर आधी वेल्डिंग, रबर नंतर.

बोल्टला आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, नाहीतर निम्मे तुटणारच. गाडी सपाट जागेवर, चाकं सरकू नयेत म्हणून ओट (टेकण), बॅटरी काढलेली. केबिन उचलायच्या आधी स्टिअरिंगचा जोड, गिअर लिव्हरचं रबर, केबिनकडं जाणारे होज, केबल, ब्रेकचे पाईप, चेसीला जोडलेली अर्थची पट्टी, सगळं बघून मोकळं करा, कारण केबिन दोन इंच वर गेली की जे विसरलात तेच ताणून तुटतं. एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढा, दुसऱ्या बाजूचे नुसते सैल करा. जॅक फ्लोअरच्या पत्र्याला लावायचा नाही, केबिनच्याच खालच्या आडव्या मेंबरला (लोखंडी दांड्याला) लावायचा, आणि मध्ये जाड फळी घालायची. दोन-तीन इंच पुरे. लगेच लाकडाचे ठोकळे सरकवा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर आत हात घालू नका, बोटं जातील.

वेल्डिंग करताना रबर काढलेलं पाहिजे, अर्थचा चिमटा कामाच्या जागेजवळ, डिझेलची टाकी झाकलेली, जवळ पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर. गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापा, गंजावर पॅच मारला तर वर्षभरात सुटतो. ब्रॅकेटला 3 एमएमची पट्टी, फ्लोअरला साधारण 16 गेजचा पत्रा, वर रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर) आणि मग रंग.

आता खरी गंमत रबराच्या आत, बोल्टभोवती बसणाऱ्या लोखंडी नळीत आहे, जिला आपले मिस्त्री स्लीव म्हणतात. बोल्ट आवळला की तो नळीवर आवळला जातो, रबरावर नाही, म्हणजे रबर किती दबायचं ते नळीची उंची ठरवते. नळी आखूड झाली तर रबर चेपून दगड होतं, लांब झाली तर कितीही आवळा, आवाज राहतोच. मी शहाणपणा करून लेथवर पाईपचे तुकडे अंदाजानं कापून आणले होते, एक कोपरा 3 एमएम खाली बसला आणि परत दार घासायला लागलं, सगळं पुन्हा उघडलं. त्यामुळं जुनी नळी गंजली असली तरी टाकू नका, जिची टोकं शाबूत आहेत ती व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) मोजून बाकीच्या तिच्यासारख्या करून घ्या.

टायरचे नाहीतर साखर कारखान्यातल्या माल वाहणाऱ्या पट्ट्याचे तुकडे घालायचा सल्ला गॅरेजात हमखास मिळतो. पण त्यात कापडाचे थर असतात, ते नीट दबत नाहीत, घालू नका. पीयूचे (पॉलीयुरेथेनचे) कडक बुश टिकतात भारी, तेल लागलं तरी फुगत नाहीत, पण जुन्या डिझेलची थरथर सगळी सीटमध्ये येते, म्हणून माझं मत साध्या चांगल्या रबरालाच. सुधारणा करायचीच तर 8.8 ग्रेडचे (जास्त ताकदीचे) झिंक केलेले बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे), जाड कपवायसर (वाटीसारखे वायसर), आणि ब्रॅकेटात पाणी साचत असेल तर त्याच्या तळाला एक छोटं भोक. चेसीच्या लांब मेंबरला मात्र भोक पाडू नका.

बसवताना सगळे बोल्ट हातानं लावून घ्या, दार बंद करून चारी बाजूची फट बघा, कमी-जास्त असेल तर चकत्या घाला, आणि मगच थोडं थोडं करत आळीपाळीनं आवळा. अर्थची पट्टी घासून परत लावा. 500 किलोमीटर झाले की पाना घेऊन एकदा खाली जा, आमचे दोन बोल्ट अर्धा फेरा फिरले होते.