क्रीमशिवाय दाट, मऊसूत ‘पास्ता ए फाजोली’ घरी कसं करावं

इटालियन पद्धतीचं सूप दाटसर करायचं म्हटलं की पहिला हात क्रीमच्या डब्याकडे जातो, नाहीतर कॉर्नफ्लोअरकडे. पास्ता ए फाजोलीला यातलं काहीच लागत नाही. राजम्याचे दाणे आणि बारीक पास्ता यांचं हे सूप इटलीत थंडीच्या दिवसांत पोटभर जेवण म्हणून खातात. त्याचा दाटपणा दाण्यांमधूनच येतो. शिजलेले निम्मे दाणे घोटून परत पातेल्यात घातले की सूप पळीवाढं आणि मऊ होतं, आणि चव दाण्यांचीच राहते. क्रीमने नेमकी तीच चव दबते. म्हणून आग्रहाने सांगते, हे सूप एकदा तरी क्रीम न घालता करून पाहा.

इटलीत प्रत्येक भागाची याची तऱ्हा निराळी. नेपल्सला टोमॅटो घालतात, वेगवेगळ्या आकारांचा पास्ता एकत्र करून सूपमध्येच शिजवतात आणि खूप घट्ट ठेवतात. तस्कनीत रोझमेरी या सुगंधी पाल्याचा आणि लसणाचा वास पुढे असतो. व्हेनेतोत दाण्यांचा बराच भाग घोटून सूप एकजीव करतात. खालची कृती व्हेनेतोच्या वळणाची आहे, कारण मऊसूतपणा तिथेच सगळ्यात छान साधतो.

काय काय लागेल

चार जणांना पुरेल एवढ्या सूपसाठी २५० ग्रॅम सुके दाणे, १ मध्यम कांदा, १ गाजर, सेलरीचा १ दांडा, लसणाच्या २ पाकळ्या, १ लहान बटाटा, रोझमेरीची १ काडी, १ मोठा चमचा टोमॅटोची घट्ट पेस्ट, ४ मोठे चमचे ऑलिव्ह तेल, १०० ग्रॅम बारीक पास्ता, मीठ आणि मिरी. पार्मिजानो रेज्जानो चीजची कड असेल तर दोन बोटं रुंदीचा तुकडा.

दाणे बोर्लोत्ती जातीचे मिळाले तर फारच चांगलं. फिकट बदामी रंगावर किरमिजी ठिपके आणि रेघा असतात, साल पातळ असते आणि चव किंचित गोडसर. शिजताना ठिपके पुसले जातात आणि सगळा दाणा तपकिरी होतो, त्यामुळे रंग गेला म्हणून दचकू नका. या दाण्यांची जात मूळची अमेरिका खंडातली, युरोपात आली सोळाव्या शतकात. व्हेनेतोमधल्या बेल्लुनो जिल्ह्यात लामोन नावाचं गाव आहे. तिथल्या दाण्यांना १९९६ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. बोर्लोत्ती नसतील तर ठिपक्यांचा किंवा पांढरा राजमा घ्या. गडद लाल राजम्याची साल जाड असते. तो चालतो, पण गाळायला जास्त वेळ लागतो.

पास्त्यामध्ये दितालिनी, म्हणजे नखाएवढ्या नळ्या, सगळ्यात सोयीच्या. चमच्यात दाणा आणि पास्ता एकत्र मावला पाहिजे, एवढंच बघायचं. घरात ताल्यातेल्ले, म्हणजे लांब पट्ट्यांचा पास्ता, असेल तर त्याचेही लहान तुकडे करून घालता येतात.

दाणे भिजवणं आणि शिजवणं

निम्मं यश इथेच आहे, म्हणून इथे घाई नको. दाणे निवडून धुवा आणि रात्री दीड लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवून त्यात भिजत घाला. मिठाने दाणे टणक राहतात असं पुष्कळ जण मानतात. प्रत्यक्षात उलट घडतं. सालीला ताठ ठेवणाऱ्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची जागा मिठातलं सोडियम घेतं, साल मऊ पडते आणि दाणे शिजताना कमी फुटतात. सकाळी ते पाणी ओतून टाका आणि दाणे दोनदा धुऊन घ्या.

जाड बुडाच्या पातेल्यात दाणे आणि दोन लिटर ताजं पाणी घ्या. मोठ्या आचेवर उकळी आणा आणि किमान १० मिनिटं चांगलं खळखळून उकळू द्या. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं तर काही तासांत उलट्या आणि जुलाब होतात. कडक उकळीने ते नष्ट होतं, नुसत्या कोमट आचेने होत नाही. त्यामुळे मंद तापमानावर चालणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चे दाणे थेट कधीच घालू नका.

वर आलेला फेस काढून टाका, आच कमी करा आणि झाकण तिरकं ठेवून तास-दीड तास शिजवा. पाण्याची पातळी दाण्यांच्या वर दोन बोटं असू द्या. कमी झाली तर गरम पाणीच घाला. कुकरमध्ये वाफ धरल्यावर मंद आचेवर १५ ते २० मिनिटं पुरतात. दाणे जुने असतील तर वेळ वाढतो.

शिजल्याची खूण घड्याळात शोधू नका. चमच्यात दोन-तीन दाणे घेऊन फुंकर मारा. साल सुरकुतून सुटायला लागली की जवळ आलं. मग एक दाणा जीभ आणि टाळूच्या मध्ये दाबा. पीठ होऊन पसरला पाहिजे. मध्यभागी जराही रवाळ लागलं तर आणखी शिजवा, कारण इथला कच्चटपणा नंतर कितीही घोटलं तरी जात नाही. टोमॅटो अजून पातेल्यात पडता कामा नये. आंबटपणाने दाणे शिजायला वेळ लागतो.

भाज्या परतणं

दाणे शिजत असताना कांदा, गाजर आणि सेलरी अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढं चिरा. दुसऱ्या पातेल्यात तीन चमचे तेल घालून मंद आचेवर हे तिन्ही आणि चिमूटभर मीठ परतायला घ्या. इटालियन स्वयंपाकात याला सोफ्रित्तो म्हणतात. याला १५ मिनिटं तरी द्याच. सुरुवातीला भाज्यांना पाणी सुटतं आणि चुळचुळ आवाज येतो. पाणी आटलं की आवाज बारीक होतो, कांदा पारदर्शक होऊन आक्रसतो आणि तेल गाजराच्या रंगाने केशरी दिसायला लागतं. तिथे थांबायचं. कडा तपकिरी होऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर कडवट छटा शेवटपर्यंत जाणवते.

आता ठेचलेला लसूण आणि रोझमेरीची अख्खी काडी घाला, मिनिटभराने टोमॅटोची पेस्ट. पेस्ट तेलात दोन मिनिटं परता म्हणजे तिचा कच्चा वास जाईल. मांसाहार करणारे सुरुवातीलाच थोडा पांचेत्ता, म्हणजे मिठात मुरवलेलं डुकराचं मांस, तेलात परतून घेतात. तो नसला तरी सूपमध्ये काही कमी पडत नाही.

घोटणं

शिजलेले दाणे त्यांच्या पाण्यासकट भाज्यांच्या पातेल्यात घाला. हे पाणी फेकू नका. दाण्यांचा स्टार्च आणि अर्धी चव त्यातच उतरलेली असते. बटाट्याच्या फोडी आणि चीजची कड घालून २० मिनिटं मंद उकळू द्या. कड म्हणजे वाळून टणक झालेलं चीजच असतं, वेगळा लेप नसतो. बाहेरून सुरीने खरवडून धुऊन टाकली की ती मऊ होते आणि सूपला खारट-खमंग धार येते. मात्र पार्मिजानो रेज्जानोमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा घटक, असतं. काटेकोर शाकाहारी असाल तर ते टाळा आणि शेवटी वनस्पतिजन्य रेनेटचं चीज वापरा.

कड आणि रोझमेरीची काडी बाहेर काढा. साधारण निम्मे दाणे आणि बटाटा वेगळे काढून थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये अगदी गंधासारखे वाटा. दाणे गरम असताना मिक्सरचं भांडं अर्ध्याच्या वर भरू नका, वाफेने झाकण उडतं. वाटताना एक चमचा ऑलिव्ह तेल घाला. तेल, स्टार्च आणि प्रथिनं एकत्र घुसळली गेली की मिश्रणाचा रंग फिकट होतो आणि त्याला चकाकी येते. क्रीम घातल्याचा भास होतो तो याच क्षणी. मग हे वाटण चाळणीतून गाळून, डावाच्या पाठीने दाबून परत पातेल्यात घाला. सालींचा चोथा वर राहतो. गाळायचा कंटाळा केला तरी सूप चवीला छानच होतं, पण जिभेवर साली लागतात, आणि त्या पाच मिनिटांच्या मेहनतीचा फरक मोठा आहे.

सगळेच दाणे वाटू नका. अख्खे दाणे दाताखाली आले पाहिजेत, नाहीतर हे सूप बाळाच्या पेजेसारखं लागतं.

पास्ता आणि शेवटचा हात

सूप या वेळी तुम्हाला हवं त्यापेक्षा पातळ असलं पाहिजे, कारण पास्ता बरंच पाणी पितो. शेगडीवर अर्धा लिटर गरम पाणी तयार ठेवा. मीठ चाखून पाहा, सूपला उकळी आणा आणि पास्ता घाला. आता मात्र शेजारून हलायचं नाही. स्टार्चमुळे सूप बुडाशी पटकन लागतं, त्यामुळे लाकडी डावाने तळ खरवडत ढवळत राहा. पाकिटावर १० मिनिटं लिहिली असतील तर आठव्या मिनिटाला आच बंद करा. पास्त्याचं उरलेलं शिजणं सूपच्या उष्णतेत होतं.

झाकण ठेवून १० मिनिटं तसंच राहू द्या. या वेळात सूप मिळून येतं. वाफाळतं खाण्यापेक्षा जरा निवलेलं सूप जास्त चांगलं लागतं, दाण्यांची गोडी तेव्हा कळते. वाढताना वरून कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार आणि भरपूर मिरी घाला. किसलेलं चीज ज्याला हवं त्याने घ्यावं.

उरलं तर

पास्ता घातलेलं सूप रात्रभरात सगळं पाणी शोषून घेतं आणि पास्ता फुगून लगदा होतो. उरणार हे आधीच माहीत असेल तर लागेल तेवढंच सूप वेगळं काढून त्यात पास्ता शिजवा. बाकीचं दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस चांगलं राहतं. फ्रीजरमध्ये दोन-तीन महिनेही टिकतं. गरम करताना आधी पाव वाटी पाणी घाला, मंद आचेवर ढवळत उकळी आणा आणि मग ताजा पास्ता टाका.