साक्ष, यश आणि ख्रिस्त: विश्वासाचे केंद्र कसे राखावे

उपकारस्तुतीच्या सभेत दिली जाणारी साक्ष, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केले याचे जाहीर कथन, बहुधा एकाच वळणाची असते: मुलाला नोकरी लागली, फ्लॅटचा ताबा मिळाला, व्हिसा झाला, प्रभूला धन्यवाद. या गोष्टींसाठी आभार मानणे योग्यच आहे. परंतु वर्षानुवर्षे एवढेच बोलले गेले, की ज्याला नोकरी लागली नाही त्याला, आणि हळूहळू आपल्यालाही, प्रभूची कृपा पगारावरून मोजण्याची सवय जडते. ती मोडायची तर सुरुवात साक्षीपासूनच करावी.

साक्ष आधी कागदावर लिहावी आणि तीतून ख्रिस्ताचे नाव वगळून वाचून पाहावी. उरलेला मजकूर सोसायटीच्या कार्यक्रमातही जसाच्या तसा सांगता येत असेल, तर त्यात प्रभू केवळ शेवटच्या ओळीपुरता होता असे समजावे. मग त्या काळात प्रभूने आपली कोणती चूक पदरात घातली, कोणाला क्षमा करायला लावले, हे आठवून ती पुन्हा लिहावी. साक्ष आखूड झाली तर बिघडत नाही; सभा वेळेवर संपेल.

यासोबत बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय आठवडाभर रोज वाचावा. बंदिवासातून लिहिलेल्या या पत्रात प्रेषित पौल आपल्या जमेच्या बाजू मांडतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुद्यांचा परूशी पंथ, नियमशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आचरण. यांतले बरेचसे त्याच्या समाजात मानाचे होते, तरीही ख्रिस्ताच्या ओळखीपुढे तो ते सारे केरकचरा लेखतो. वाचन झाल्यावर आपलीही अशी यादी वहीत करावी. तीत पदवी, हुद्दा, घर, मुलांचे टक्के यांबरोबर मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, पदही लिहावे. हे शेवटचे नेमके विसरले जाते, आणि माझ्या मते सर्वांत चिवट तेच असते. भुतेही आपल्याला वश होतात म्हणून आनंदाने परतलेल्या शिष्यांना प्रभूने सांगितले, की आनंद त्याचा नको, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा करा (लूक 10). म्हणजे सेवेतले यशही या तपासणीतून सुटत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला, तेव्हा कवी आणि उपदेशक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. प्रत्येकाने नोकरी सोडावी असा याचा अर्थ मुळीच नव्हे. मात्र उद्या आपले पद गेले तर आपल्या प्रार्थनेत काय उरेल, हे एकदा शांतपणे लिहून पाहावे.

दानाबाबत मत्तय 6 पुरेसे स्पष्ट आहे: ते गुप्तपणे करावे. वर्षातून एक तरी देणगी अशी द्यावी, जिची नोंद फलकावर किंवा वार्षिक अहवालात नावानिशी येणार नाही.

घरात मुले असतील तर निकालाच्या दिवसाची तयारी आधी करावी. निकाल पाहण्यापूर्वीच कौटुंबिक प्रार्थना उरकावी, आणि गुण कितीही पडोत, रात्री वाचायचे स्तोत्र ठरवून ठेवावे. 103 वे स्तोत्र यासाठी चांगले. परमेश्वराचे उपकार विसरू नको असे सांगून ते उपकार मोजू लागते, आणि त्यांत पहिली येते ती दुष्कर्मांची क्षमा.