ग्रीनला भोकं पाडायच्या आधी मेंबरांना कसं सांगायचं

गोल्फ कोर्सचं गवत सांभाळणाऱ्यांची सगळ्यात जास्त बोलणी एरेशनच्या, म्हणजे ग्रीनला (कपाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत, जिथे पट मारतात) भोकं पाडायच्या आठवड्यात खाऊन होतात. गंमत म्हणजे तेव्हा काम अगदी बरोबर चाललेलं असतं, फक्त कोणाला आधी सांगितलेलं नसतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच, ती जोमात वाढत असते तेव्हाच भोकं पाडावी लागतात नाहीतर भरून यायला फार वेळ लागतो, आणि नेमकी तेव्हाच कोणाची तरी टूर्नामेंट असते. म्हणून वर्षाचं कॅलेंडर ठरतं त्या मीटिंगला जाऊन बसा आणि तारखा तिथेच मागून घ्या, नंतर कॅप्टनच्या मागे फिरण्यात अर्थ नाही.

मेसेज छोटा ठेवा. असा काहीतरी: "सोमवारी १ ते ९ ग्रीनवर एरेशन आहे, मंगळवारी १० ते १८. माती घट्ट झालीये, मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही. दोन-तीन आठवडे पट थोडा उडेल, मग ग्रीन पुन्हा सपाट होतील." बास. टाइनचा (भोकं पाडणाऱ्या दात्याचा) व्यास, भोकं भरायच्या वाळूचा ग्रेड वगैरे ज्याला हवं तो विचारेल. हाच मेसेज स्टार्टर (पहिल्या टीवरून, म्हणजे खेळ सुरू होतो तिथून, खेळाडूंना सोडणारा) आणि कॅडी मास्टरला मेंबरांच्या आधी द्या, कारण मेंबर पहिल्या टीवर कॅडीलाच विचारतो, आणि कॅडी "काय माहीत साहेब, खोदून ठेवलंय" म्हणाला की तुमची नोटीस गेली पाण्यात.

कमिटीला वाळूचे पैसे मागायचे असतील तर स्लाइड नकोत. कप कटरने (ग्रीनवर कपाचं भोक पाडायचं हत्यार), तोच १०८ मिमीचा, ग्रीनच्या कडेचा एक गोळा काढा आणि उभा कापून टेबलावर ठेवा. वरचा कुजकट स्पंजसारखा थर आणि त्याच्यातच अडकलेली मुळं दिसली की अर्धं बोलणं तिथेच संपतं (खाली पेपर अंथरा, क्लबचं टेबल आहे).

"ग्रीन स्लो झालेत" ही तक्रार तर रोजचीच. वाद घालू नका, स्टिम्पमीटर (ज्यावरून बॉल सोडून तो ग्रीनवर किती लांब जातो ते मोजतात ती पट्टी) घेऊन त्या मेंबरलाच सोबत न्या, तीन बॉल एका बाजूने, तीन उलट्या बाजूने, सरासरी फुटांत. पण हा आकडा रोज बोर्डावर लिहायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही, कारण लोक टीव्हीवरच्या कोर्सशी तुलना करतात आणि ते यंत्र मुळात आपल्याच कोर्सवरचे ग्रीन एकमेकांसारखे आहेत का हे बघायला आहे.

माळ्यांशी बोलताना "जरा खाली घे" असं बोलू नका. जरा म्हणजे किती? ३ मिमीवर कापणाऱ्या मशीनला अर्ध्या मिमीने पण ग्रीनची टाळू दिसायला लागते. आकडा सांगा, मुकादमाकडून परत म्हणवून घ्या, आणि नवीन माणूस असेल तर पहिली फेरी शेजारी चालत जा. फवारणी असेल तर कुठलं औषध, किती वाजेपर्यंत त्या ग्रीनवर कोणी जायचं नाही, हे शेडमधल्या फळ्यावर मराठीत लिहा, हिंदी वाचणारी पोरं असतील तर हिंदीत पण.

पावसाळ्यात कार्ट बंद की चालू हे एकाच माणसाने ठरवायचं आणि पहिल्या टी-टाइमच्या आधी कळवायचं. "बघू, ऊन पडलं तर" असं कळवलंत की चार जण कार्ट घेऊन फेअरवेवर (टी आणि ग्रीनच्या मधल्या गवतावर) गेलेच समजा.