गावाची बियाणे बँक: ओलं बी डब्यात जाता कामा नये

बियाणे बँक, म्हणजे गावाने बी जमवून एकमेकांना उसनं द्यायची सोय, काढायची म्हटली की आधी खोली, कपाटं आणि फलक यांचीच चर्चा रंगते. ते सगळं मागाहून बघा. पंधरा-वीस शेतकरी, प्रत्येकाकडचं एखादं सरळ वाण (ज्याचं बी पेरलं की पुन्हा तसंच पीक येतं) आणि एक वही, एवढ्यावर काम सुरू होतं. संकरित वाणाचं बी मात्र घेऊ नका, ते कितीही जोमदार पिकलेलं असो. पुढच्या पिढीत त्याचे गुण विखुरतात आणि नेणाऱ्याच्या शेतात उंच-बुटकं, मागे-पुढे फुलणारं पीक उभं राहतं.

पहिल्याच बैठकीत परतफेड ठरवा: एक किलो नेलं तर हंगामानंतर दीड किंवा दोन किलो परत. पीक बुडालं तर पुढच्या हंगामात. वहीत वाण, कोणाच्या शेतातलं, काढणीची तारीख, वाळवणीच्या तारखा आणि नेणाऱ्याचं नाव लिहा. घरोघरी बी निवडून ठेवणाऱ्या बायकांना समितीत घ्याच; वाणाची खरी पारख त्यांना असते.

बी उभ्या पिकातून निवडा, खळ्यावरच्या राशीतून नव्हे. निरोगी झाडांना फुलोऱ्यातच चिंधी बांधा, वेगळी दिसणारी झाडं उपटून टाका. भात-गव्हाला शेजारच्या वाणापासून ३ मीटर अंतर पुरतं. मक्याचा पराग वाऱ्याने उडतो, म्हणून किमान २०० मीटर ठेवा आणि बी शंभराहून अधिक झाडांच्या कणसांतून एकत्र करा. चार मोठी कणसं निवडून बी धरलं, तर काही पिढ्यांत वाण खुरटतं.

आता वाळवण. बँका बुडतात त्या इथे.

‘दोन दिवस उन्हं दाखवा आणि भरा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. वरून कोरडं लागणारं बी आतून ओलं असतं. बंद डब्यात ते श्वसन करत राहतं, ऊब धरतं, बुरशी येते आणि पेरणीच्या तोंडावर उगवणशक्ती गेलेली असते. बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की साठवणीतलं आयुष्य साधारण दुप्पट होतं, त्यामुळे इथली घाई सगळ्यांत महाग पडते.

उलटी चूकही तितकीच घातक. भर दुपारी तापलेल्या सिमेंटवर किंवा पत्र्यावर बी पसरलं की ते ४० अंशांच्या वर जातं आणि आतला अंकुर मरतो. दिसायला बी टवटवीत असतं, पण मातीत फक्त कुजतं. म्हणून जाड कापडावर किंवा चटईवर २-३ सेंटिमीटरचा थर द्या, सकाळच्या आणि उतरत्या उन्हात ठेवा, तासातासाला हलवा, दुपारी सावलीत ओढा, रात्री घरात घ्या. दव पडलं की दिवसभराची मेहनत वाया जाते.

झालं की नाही, हे मिठाने तपासा. कोरड्या काचेच्या बरणीत पाव भाग तव्यावर भाजून गार केलेलं मीठ आणि तेवढंच बी घाला, मिनिटभर जोरात हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. बरणी स्वच्छ राहिली तरी थांबू नका, बियाण्याला अजून दोन-तीन दिवस द्या. तृणधान्याचा दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. चेपला तर परत उन्हात. परतफेडीचं बी घेताना ही चाचणी सगळ्यांसमोर करा, म्हणजे एखाद्याचं परत पाठवलं तरी मनं दुखत नाहीत.

भरण्याआधी बी रात्रभर गार होऊ द्या. गरम बी बंद केलं की झाकणाला आतून घाम सुटतो. ओला कडुलिंबाचा पालाही डब्यात टाकू नका. तो पाणीच आत नेतो. कडधान्याला किलोमागे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळलं की भुंगेरा रोखता येतो. डबा काठोकाठ भरा. प्रत्येक वाण दोन वेगळ्या घरांत ठेवा.

पेरणीच्या महिनाभर आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओलसर ठेवा. ८५ च्या वर उगवले तर निर्धास्त वाटा. ७०च्या आसपास असतील तर एकरी बियाणं वाढवायला सांगा. ६० च्या खाली असेल तर ते बी कोणालाही देऊ नका, आणि वहीत त्या डब्यापुढे वाळवणीच्या तारखा शोधा.