टर्बो गाडीचं इंजिन घेण्याआधी: कोल्हापुरातली तयारी

घरी गाडीची फ्रेम वेल्ड करून त्यात टर्बोचं (धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचं) इंजिन बसवायचं ठरलं असेल, तर पहिल्या कागदावर हॉर्सपॉवरचा आकडा लिहू नका. कोल्हापुरात काय करून मिळत नाही, ते लिहा. शेतीची ऑईल इंजिनं घडवणारं हे गाव आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथ, होनिंग, हेड फेसिंग सगळं होतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत. त्यामुळे माउंटिंग, फ्लँज, अ‍ॅडॉप्टर प्लेट मिळत नाही म्हणून एखादं चांगलं इंजिन सोडायची गरज नाही. अडतं ते दुसरीकडेच: कंपनीच्या ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) कुलूप, डायरेक्ट इंजेक्शनचा (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारण्याचा) हाय प्रेशर पंप आणि इंजिनाला जुळणारा गिअरबॉक्स. हे तीन उद्यमनगरात एकेकटे करून घेणं परवडत नाही. इंजिन निवडायचं ते यांच्यावरून.

या चाळणीत बसणारं पहिलं इंजिन म्हणजे मारुती जिप्सीचं १२९८ सीसी. पोर्ट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या वाटेतच मारणारं), केबलचा थ्रॉटल (हवेची झडप), साधी वायरिंग. ते गाडीत उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेनं बसतं आणि मागच्या चाकांना ताकद द्यायची व्यवस्था सोबतच मिळते. एस्टीममध्ये याच घराण्यातलं इंजिन आडवं बसतं, म्हणजे गिअरबॉक्ससकट सीटच्या मागे ठेवता येतं. दुसरं फियाट लिनिया टी-जेटचं १३६८ सीसी. ११४ पीएस, २०७ न्यूटन मीटर, लोखंडी ब्लॉक आणि टर्बो कंपनीचाच. पिस्टनपासून कूलिंगपर्यंत सगळं बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) धरून बनवलेलं, ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र त्याचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. त्यामुळे ईसीयू, त्याच गाडीची किल्ली, अ‍ॅक्सिलरेटर पॅडल आणि न कापलेली वायरिंग मिळत असेल तरच सौदा करा. फियाटच्या गाड्या इथं बंद झाल्यात, म्हणून गॅस्केट आणि क्लचची सोय आधी बघा. बलेनो आरएसचं ९९८ सीसी बूस्टरजेट मोह पाडतं, १०२ पीएसचं आहे, पण त्यात डायरेक्ट इंजेक्शन आहे. पहिल्या गाडीला मी ते घेणार नाही. माझं मत सरळ आहे: पूर्ण टी-जेट मिळालं तर टी-जेट, नाहीतर जिप्सीचं इंजिन कमी बूस्टवर.

कमी म्हणजे किती, हे टर्बो बघण्याआधी कागदावर काढा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच, इथला हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. त्यावर अर्धा बार बूस्ट दिला की १.४५ बार झाला, म्हणजे प्रेशर रेशो (बाहेरच्या दाबाच्या किती पट) दीडपेक्षा किंचित जास्त. १२९८ सीसीचं इंजिन ६५०० आरपीएमला मिनिटाला ३२५० वेळा भरतं. भरण्याची क्षमता ८५ टक्के आणि इंटरकूलरनंतरची (टर्बोत तापलेली हवा तो थंड करतो) हवा ५० अंश धरली, तर मिनिटाला साडेपाच किलोच्या पुढे हवा जाते. किलोमागे बावीस हॉर्सपॉवर धरा, सव्वाशेच्या जवळ पोचता. मूळचं ८० हॉर्सपॉवरचं इंजिन आहे हे. साध्या ओतीव पिस्टनवर मी इथंच थांबेन. टर्बोचा कॉम्प्रेसर मॅप (तो किती दाबाला किती हवा देतो त्याचा आलेख) हातात घेऊन प्रेशर रेशो आणि हवेचे किलो हे दोन आकडे त्यावर मांडा. बिंदू सर्ज रेषेच्या (जिच्यापलीकडे हवा उलटी ढकलली जाऊन टर्बोला झटके बसतात) डावीकडे पडला, तर तो टर्बो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.

इंधन मात्र आपल्या बाजूनं आहे. आपल्याच ऊसपट्ट्यातून येणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के असतं. ते नॉकिंगला (इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांना) आवर घालतं आणि बाष्प होताना आत जाणारं हवा-इंधनाचं मिश्रण थंड करतं. पण त्याला हवेच्या मानानं इंधन जास्त लागतं, म्हणून इंजेक्टर निवडताना जास्तीची जागा ठेवा. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉल सोसणारे घाला.

इंजिन बघायला जाताना कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरचा दाब मोजायला), बोअरस्कोप (सिलिंडरच्या आत बघायचा कॅमेरा) आणि भरलेली बॅटरी न्या. इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडून चारही सिलिंडर मोजा. एकमेकांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर खोलायचा खर्च किमतीतून वजा करा. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली की परत फिरा. इंजिन नंबर घासलेला असेल तर बोलणंसुद्धा करू नका. नंबर आरसीशी जुळला पाहिजे आणि बिल तुमच्या नावावर पाहिजे.

ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीतही मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. घरी बांधलेल्या गाडीला तर नोंदणीआधी प्रोटोटाइपची मान्यता लागते. ट्रेलर आणि बंदिस्त ट्रॅक बजेटमध्ये धरा.

मॅनिफोल्डसाठी (सिलिंडरांमधला धूर टर्बोपर्यंत नेणाऱ्या नळ्यांसाठी) एका नगाला फाउंड्रीत वेगळी हीट (धातू वितळवण्याची खेप) लावणं सोपं नाही, आणि साधं ग्रे आयर्न त्या तापमानाला तडकतं. जाड भिंतीचे ३०४ स्टेनलेसचे बेंड वेल्ड करा. वेल्डिंगनंतर फ्लँज वाकतो, म्हणून फेसिंग (तोंड सपाट करणं) शेवटी, आधी नाही.

टर्बोची ऑर्डर सगळ्यात शेवटी द्या. इंजिन आणि गिअरबॉक्स फ्रेममध्ये जागेवर बसले की पुठ्ठ्याचा टर्बो करून लावून बघा. ऑईल परत जायची नळी जाड हवी, शक्य तितकी उभी हवी, आणि संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यात) ऑईलच्या पातळीच्या वर उतरायला हवी. कुठं वर चढून मग खाली येत असेल तर ऑईल टर्बोत तुंबतं आणि सीलमधून धूर होऊन निघतं. अशी वाट मिळत नसेल तर आड येणारी फ्रेमची नळी आत्ताच कापून हलवा, रंग मारायच्या आधी.