बोअरच्या पाण्यात न्हाताना

लातुरात मी सोळा वर्षांपासून बायकांच्या केसांचं काम करते. खुर्चीत बसली की बाई विचारणार, "ताई, कोणतं तेल लावू? केस लई गळायलेत." मी आधी विचारते, "न्हायला पाणी कोणतं?" बहुतेकींचं उत्तर एकच, बोअरचं.

हे पाणी जड असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो ना, ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. डोक्याला अंगाचा साबण लावला की क्षार आणि साबण मिळून चिकट साय होते आणि ती केसांवरच बसते. मग न्हाऊनही केस चिकट लागतात, फणी अडते, ओढताना केस तुटतात. बघायचं असेल तर बाटलीत अर्धं पाणी घ्या, चिमूटभर साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस उभा राहिला तर पाणी हलकं. पाणी दुधाळ होऊन फेस बसला तर जड. अशा पाण्यात डोक्याला साबण नकोच. शांपू घ्या, नाहीतर शिकेकाई-रिठा. त्यांची अशी साय धरत नाही. रिठा डोळ्यांत फार झोंबतो, म्हणून पोरींना मान मागे करायला लावा.

एका बादलीत कंबरेपर्यंतचे केस कसे धुवायचे, हे मी 2016 च्या उन्हाळ्यात शिकले. तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. तीच रीत आजही सांगते. कोरडे असतानाच केसांचा गुंता काढा; आधी टोकं, मग वर. ओला केस ताणला की लवकर तुटतो. दोन तांब्यांत केस पुरते भिजवा. शांपू मग्ग्यात पाणी घालून पातळ करा, फक्त मुळांना लावा आणि बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. टोकांना ओघळणारा फेस पुरतो. उरलेली बादली खळखळून धुवायला. शेवटी तांब्याभर जारच्या पाण्यात अर्धं लिंबू पिळून केसांवरून सोडा आणि वर एक तांब्या साधं पाणी घ्या. टाळूला खरचटलं असेल तर लिंबू नको. नंतर जुन्या सुती कापडाने टिपून घ्या, झटकू नका. ओल्या केसांची वेणीही घालू नका.

कोंड्यावर तेल थापू नका. तेलाने कोंडा चिकटून दिसेनासा होतो, पण त्याला कारण असलेली बुरशी टाळूच्या तेलावरच पोसते. मेडिकलमध्ये किटोकोनाझोलचा शांपू मिळतो. तो आठवड्यातून दोनदा लावा, तीन ते पाच मिनिटं ठेवा आणि मग धुवा. महिन्यात फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि गळणं. रोज 50 ते 100 केस जाणं नेहमीचंच आहे. मोठा ताप किंवा बाळंतपण झालं की दोन-तीन महिन्यांनी मात्र केस मुठीने येतात. नीटच्या क्लाससाठी खोली करून राहणारी एक पोरगी जानेवारीत आली ती पिशवीत गळालेले केस घेऊनच. रडत होती. दिवाळीत टायफॉइड झाला होता, आणि जेवण म्हणजे चहा-टोस्ट. तिची खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढुरकं. तेल काही सुचवलं नाही, रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन 8 निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी सांगितलं, भाकरीबरोबर मेथी किंवा डाळ रोज खा, वर लिंबू पिळ, आणि चहा जेवणाला लागून घेऊ नकोस, त्याने लोह अंगी लागत नाही.

एप्रिलच्या शेवटी ती पुन्हा आली. कपाळाच्या कडेला दोन बोटं लांबीचे मऊ केस उभे होते, ते तिला आरशात दाखवले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे हे फेब्रुवारीपासूनचे. "विचित्र दिसतंय ताई, जेलने बसवू का?" म्हणाली. मी म्हटलं, नको ग, आणि घट्ट वेणीत ओढूही नकोस. अजून कोवळे आहेत.