अमेरिकेतले डॉक्टर, शिक्षणकर्ज आणि दिवाळखोरी: अर्ज करण्याआधी काय तपासाल

अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली म्हणून डॉक्टरचं लायसन्स जात नाही. दिवाळखोरी कायद्याचं कलम ५२५ राज्याच्या मेडिकल बोर्डाला केवळ त्या कारणावरून परवाना नाकारू देत नाही. अडचण दुसरीकडे आहे. क्रेडिट कार्डाची देणी संपतात, शिक्षणकर्ज मात्र सहजासहजी जागचं हलत नाही.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी कर्जांची फोड करा. सरकारी कर्जं शिक्षण खात्याच्या स्टुडंट एड संकेतस्थळावर दिसतात. खासगी कर्जं क्रेडिट रिपोर्टमधून शोधावी लागतात. खासगी कर्जाचा मूळ करार काढा आणि पैसे कशासाठी दिले होते ते वाचा. रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या, मुलाखतींचा प्रवास किंवा मॅच झाल्यावर (प्रशिक्षणाची जागा ठरल्यावर) नव्या शहरात बिऱ्हाड हलवणं, एवढ्यासाठीच घेतलेलं कर्ज कायद्याच्या व्याख्येत बऱ्याचदा शिक्षणकर्ज ठरत नाही. ते क्रेडिट कार्डाच्या देण्यासारखंच माफ होऊ शकतं. हा करार न वाचता हप्ते भरत राहू नका.

उरलेल्या शिक्षणकर्जाच्या माफीसाठी दिवाळखोरीच्या कोर्टातच वेगळा दावा लावावा लागतो. बहुतेक कोर्टं १९८७ च्या ब्रुनर खटल्याच्या निकालातली कसोटी लावतात. आजच्या मिळकतीत कर्ज फेडून किमान गरजा भागत नाहीत, ही स्थिती फेडीच्या मुदतीत बराच काळ टिकणार आहे आणि आजवर फेडीचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे, हे तिन्ही दाखवायचं असतं. डॉक्टर दुसऱ्या मुद्द्यावर अडकतात. रेसिडेंटचा पगार आज तुटपुंजा असला, तरी न्यायाधीश पुढचा पगार पाहतात. सर्जनचा हात कायमचा थरथरू लागला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा उपचारांची कागदपत्रं तारखांसकट जोडा. सरकारी कर्जासाठी २०२२ पासून न्याय खात्याचा ठरावीक फॉर्म आहे. अपंगत्व, ६५ वर्षांचं वय किंवा फेड सुरू होऊन १० वर्षं होणं, अशा गोष्टी त्यात तुमच्या बाजूने धरल्या जातात. खासगी कर्जाला तो लागू नाही.

आई-वडिलांनी खासगी कर्जावर सहकर्जदार म्हणून सही केली असेल, तर तुमचं कर्ज माफ झालं तरी वसुली त्यांच्याकडे वळते. अर्ज करण्याआधी त्यांना हे स्पष्ट सांगा.

नोकरीचं म्हणाल, तर खासगी रुग्णालय केवळ दिवाळखोरीमुळे काढून टाकू शकत नाही, पण नव्याने घेताना नकार देऊ शकतं, असं अनेक अपील कोर्टांनी म्हटलं आहे. क्रेडिट रिपोर्टवर नोंद १० वर्षांपर्यंत राहते. नोकरीच्या किंवा लायसन्सच्या फॉर्ममध्ये दिवाळखोरीबद्दल प्रश्न असेल, तर खरं उत्तर द्या. खोट्या उत्तरावर मेडिकल बोर्ड स्वतंत्र कारवाई करू शकतं.

सरकारी कर्ज २७० दिवस थकलं की ते बुडीत ठरतं आणि कोर्टात न जाता पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत कापता येतं. तेवढा काळ जाऊ देऊ नका. विना-नफा किंवा सरकारी रुग्णालयात पूर्णवेळ असाल, तर उत्पन्नावर आधारित हप्ता घ्या. पात्र १२० हप्त्यांनंतर उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं, आणि रेसिडेन्सीतले हप्तेही त्यात मोजले जातात.